शाप-वरदान राहू द्या, कुठला गेम ते आधी सांगा

आपल्याकडं एखाद्या विषयाचं वाटोळं करायचं असेल तर त्याच्यापुढं 'शाप की वरदान' लावायचं, बस. विज्ञान झालं, टीव्ही झाला, मोबाईल झाला, आता गेमिंगचा नंबर लागलाय. सोलापुरात शाळेच्या पालकसभेपासून गणपतीतल्या व्याख्यानापर्यंत हे इतक्यांदा ऐकलंय की वक्त्यानं माईक हातात घ्यायच्या आत पुढचं वाक्य सांगता येतं. एक पार्टी म्हणणार पोरं बरबाद झाली, डोळे गेले, मारकुटी झाली, बंदी घाला. दुसरी पार्टी, बहुतेक पंचविशीतला एखादा दाढीवाला पोरगा, म्हणणार सर हे करिअर आहे, इस्पोर्ट्स म्हणजे गेमच्या स्पर्धा आहेत, करोडोंची इंडस्ट्री आहे. टाळ्या, चहा, घरी. आणि एवढ्या वेळात कोणी एका गेमचं नाव घेऊन तो कसाय, त्यात काय करावं लागतं, कुठं कंटाळा येतो, कुठं पैसे मागतो हे सांगितलेलं नसतं. पब्जीचं नाव येतं म्हणा, पण तेही शिवीसारखं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडायला सोपं. मी लहानपणापासून गेम खेळतोय, अजूनही खेळतो, आणि माझ्या मते बाजारातले बरेच गेम, खास करून फोनवर फुकट मिळणारे, खरंच वाईट आहेत. रक्त दाखवतात म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही, वेळ जातो म्हणून तर अजिबातच नाही, वेळ तर कट्ट्यावर बसून पण जातो. ते वाईट आहेत कारण ते संपत नाहीत, माणसाला उठू देत नाहीत, आणि त्या उठू न देण्यावरच त्यांचा गल्ला चालतो. हे बाहेरून बघून कळत नाही, खेळावं लागतं आणि मग नाव घेऊन बोलावं लागतं. ते बोलायचं काम आम्हा खेळणाऱ्यांचं आहे आणि आम्ही ते सोडून 'करिअर करिअर' करत बसलोय.

आता समोरच्यांचं जे खरंय ते मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत गेमिंग डिसऑर्डर घातलाय, जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे, म्हणजे हे कुठल्या तरी काकांनी काढलेलं खूळ नाही. पण तीच व्याख्या सांगते की साधारण वर्षभर माणसाचा ताबा सुटलेला पाहिजे, बाकी आयुष्य कोलमडलेलं पाहिजे, तेव्हा त्याला आजार म्हणायचं, रविवारी दुपारी पोरगं तीन तास बसलं म्हणून नाही. हिंसेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं की मारधाडीच्या गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा चिडखोरपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला शास्त्रीय आधार नाही. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना अर्धं अर्धं मिळालं, आणि दोन्ही पार्ट्या फक्त आपलं अर्धं वाचून दाखवतात.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर आणि विडी कामगारांच्या घराचं काय, हा प्रश्न मला कुणीही विचारावा आणि मी गप्प बसावं असा आहे. दहा बाय दहाची खोली, बाप पॉवरलूमवर, आई विड्या वळतीय, पोरगं गप्प बसावं म्हणून हातात फोन, आणि त्या फोनला आईबापाचं खातं जोडलेलं. तिथं 'गेम निवडून द्या, सोबत बसून खेळा' हा पुण्या-मुंबईच्या पेपरातला सल्ला म्हणजे चेष्टा आहे. मान्य. पण मग याच घरासाठी कुठला गेम गोड बोलून खिसा कापतो आणि कुठला नुसताच खेळू देतो हे माहीत असणं जास्त गरजेचं नाही का? ज्याच्याकडं सोबत बसायला वेळ नाही त्याला निदान नावं तरी सांगाल की नाही? सगळंच वाईट म्हटलं की तो बाप काय करणार, फोन तर काढून घेऊ शकत नाही, मग जे दिसेल ते चालू.

सरसकट झोडपायची सवय आपल्याला जुनी आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. बंदी घालणारी माणसं वाईट नव्हती, सज्जनच होती, त्यांना खरंच वाटत होतं की लोक बिघडतात. पण पठ्ठे बापूरावांची लावणी आणि पैशासाठी उभा केलेला धांगडधिंगा त्यांना एकाच कायद्यात बसवता आला, कारण फडात बसून बघितलेलं कोण होतं त्यांच्यात? पुढं बंदी उठली, अटी आल्या, आणि तमाशाला नंतर जी इज्जत मिळाली ती त्यातलं चांगलं कुठलं आणि थिल्लर कुठलं हे ठामपणे सांगणाऱ्या जाणकारांमुळं. अमेरिकेत गेमचं हेच झालं, 1993 मध्ये त्यांच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'मधल्या रक्तावरून सुनावण्या झाल्या, खासदार लालबुंद, आणि पुढच्याच वर्षी गेमच्या डब्यावर वयाचे शिक्के आले. ते बरं झालं. पण तो शिक्का रक्त मोजतो, शिव्या मोजतो, हा गेम तुम्हाला रात्री दोनला परत कसा बोलावतो हे कुठं मोजतो? तमाशाचं उदाहरण एका जागी लंगडं पडतं हेही सांगतो. फड पहाटे उठायचा. माणसं घोंगडं झटकून घरी जायची. फोनमधला फड उठतच नाही.

आणि आमच्या लहानपणीचे गेम काय सोज्वळ होते असं कोणी म्हणू नये. टॉकीजशेजारच्या बोळात एक अंधारा गाळा असायचा, रुपयाचं नाणं टाकायचं आणि 'मुस्तफा' खेळायचा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', जपानी कंपनी कॅपकॉमचा, 1993 चा, पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानं अख्ख्या देशानं त्याचं बारसं केलं. मारामारी जबरदस्त, आवाज जबरदस्त, आणि बॉस, म्हणजे शेवटचा तगडा व्हिलन, मुद्दाम असा बनवलेला की नाणं गेल्याशिवाय मरत नाही. नाणं खाणं हेच त्या मशीनचं काम होतं. म्हणजे धंदा तोच, मग फरक काय? फरक एवढाच की खिशातला रुपया संपला की गेम संपायचा, मागं चार पोरं 'हो की बाजूला लका' करत उभी असायची, आणि गाळेवाला शटर ओढायचा. हे सगळे ब्रेक गेमच्या बाहेर होते. आता नाणं यूपीआयवर आहे, मागं कोणी उभं नाही आणि शटर कधीच पडत नाही. जुनं गोड आणि नवं कडू असं रडगाणं मला गायचं नाहीये, 'आयजीआय'सारख्या गेमला तर मी आजही शिव्या देतो, 2000 सालचा गेम, मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही, अर्धा तास सरपटत जाऊन शेवटच्या गेटावर एका कॅमेऱ्यानं बघितलं की परत पहिल्यापासून, ही काय मर्दुमकी आहे का? नुसता आळस होता बनवणाऱ्यांचा. तरी तो एकदाच विकला, संपला की संपला.

आता ज्याच्यावरून सगळा राडा त्याच्याकडं येऊ. पब्जी मोबाईल 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला, कारण चिनी संबंध आणि डेटा, पोरांची काळजी नव्हे. 2021 मध्ये तोच बीजीएमआय नावानं आला, 2022 मध्ये परत गायब, 2023 मध्ये परत हजर. तसलाच दुसरा गेम फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झाला आणि त्याचा मॅक्स नावाचा भाऊ मात्र चालूच राहिला. या सगळ्या उघडझापीत गेम कसाय यावर कोणी एक शब्द बोललं नाही. मी बोलतो. बीजीएमआय गेम म्हणून भारी आहे, अगदी मनापासून. शंभर जण विमानातून उड्या मारतात, मैदान आकसत जातं, झुडपात श्वास रोखून बसल्यावर लांबून गाडीचा आवाज येतो आणि हेडफोनमध्ये दोस्त कुजबुजतो 'थांब बे, येऊ दे जवळ', ही मजा खोटी नाही. सोलापुरातून निम्मी पोरं पुण्याला गेलीत, उरलेली बंगलोरला, सात रस्त्याच्या कट्ट्यावर जी चार टाळकी जमायची ती आता रात्री तिथं जमतात. याला बरबादी म्हणणाऱ्यानं आधी त्या पोरांना सोलापुरात नोकऱ्या द्याव्यात.

पण त्याच गेमचा दुसरा भाग बघा. नवीन माणूस पहिल्या काही मॅच पटापट जिंकतो आणि त्याला वाटतं आपण जन्मजात नेमबाज, खरं तर खालच्या लेव्हलला समोर बरेचसे बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ते खोटे खेळाडू, सोडलेले असतात, मुद्दाम गोळ्या खायला. आवड लागली की मग माणसं समोर येतात. मग येतात क्रेट, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या पेट्या. पेटी थरथरते, उजेड फुटतो, रंग बदलतो, अर्धा सेकंद तुमचा श्वास अडकतो आणि आतून निघतो एक भिकार शर्ट. पहिला डाव स्वस्त, पुढचा महाग, आणि बंदुकीची ती चमकणारी स्किन, म्हणजे नुसतं वरचं रंगरूप, 'जरा'साठी हुकते. गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, रिंग टाकायचा स्टॉल असतो ना, साबणाच्या डब्यावर नेमकी न बसणारी रिंग, तस्संच, फक्त गड्डा जानेवारीत येतो आणि जातो, हा बारा महिने उशाशी. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आणि कँडी क्रश? आमच्याकडं आत्या-मावश्या खेळतात म्हणून त्याला कोणी नावं ठेवत नाही, गोळ्या-चॉकलेटं आहेत, रक्त नाही. पाच जीव, ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास, थांबायचं नसेल तर पैसे द्या. म्हणजे कंपनी तुमची चिडचिड आधी तयार करते आणि मग तिच्यावरचं औषध विकते. मला विचाराल तर या बाबतीत मुस्तफाच्या मारामारीपेक्षा ही गोळ्यांची बरणी जास्त बेरकी आहे.

इथं कायद्याचं बोलणं भाग आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा दोन दिवसांत पास केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे रमी, फँटसी (खऱ्या खेळाडूंची आपली टीम निवडून पैसे लावायचे) वगैरे सगळे गेम बंद. त्याच्या महिनाभर आधीच आपल्या विधिमंडळात एका मंत्र्याच्या मोबाईलवर पत्ते दिसल्यावरून महाराष्ट्रभर दंगा झाला होता, मंत्री म्हणाले मी जाहिरात स्किप करत होतो, पुढं त्यांचं खातं बदललं आणि मिळालं ते क्रीडा खातं, असो. या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं आणि त्या एका आधारावर ॲपवाल्यांनी कितीतरी वर्षं दुकान चालवलं. नव्या कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच निकालात काढला, पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवताय ना, मग बंद. सोलापूरला हे समजायला वकील लागत नाही. मटक्याचा आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागायचा, आणि हे तर कापसावर जगणारं गिरणगाव, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, इथं पगाराच्या दिवशी आकडा काय करतो हे घराघरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तिथंही हुशारीच सांगायचे लोक, 'अभ्यास' करून आकडा काढायचे.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही की कायद्यानं रेघ मारली ती पैसे परत मिळायच्या आशेवर. जिथं पैसे जातात पण परत यायची आशाच नाही, म्हणजे क्रेट, स्पिन म्हणजे नशिबाचं चाक, स्किन, ते रेघेच्या पलीकडं आरामात बसलंय. यावर प्रामाणिक उत्तर असं देता येईल की रमीत घरं गेली, कर्जं झाली, शर्टाच्या स्किनपायी तेवढं होत नाही, दोन्ही एका मापानं मोजू नका. बरोबर आहे, एका मापानं मोजू नयेत, आणि क्रेटवाल्या गेमवर बंदी घाला असंही मी म्हणणार नाही. पण रमीवाला निदान मोठा माणूस असायचा, क्रेट उघडणारा सातवीत असतो. पेटीत काय निघायची शक्यता किती हे मोठ्या अक्षरात आधी दाखवा आणि पोराच्या खात्यावरून खरेदीच होऊ देऊ नका, एवढं मागायला काय हरकत आहे? हे कोण मागणार? ज्याला क्रेट म्हणजे काय माहीत नाही तो वक्ता? की ज्याचा चॅनलच क्रेट उघडायच्या व्हिडिओवर चालतो तो आमचा करिअरवाला?

काही जण म्हणतात तास मोजा, सोपं आहे. चीननं 2021 मध्ये मोजले, अठराच्या आतल्या पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना रात्री आठ ते नऊ, संपलं. दक्षिण कोरियानं त्याआधी 2011 पासून सोळाच्या आतल्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा बंदी करून बघितली, पोरांनी आईबापाचे नंबर टाकून खेळायचं चालूच ठेवलं, शेवटी 2021 मध्ये सरकारनं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं. तास मोजणं सोपं आहे म्हणूनच आपण ते मोजतो. बुद्धिबळाचा एक तास आणि स्पिन फिरवायचा एक तास घड्याळात सारखाच दिसतो.

मग चांगला गेम कसा असतो, हे विचारणारा प्रामाणिक माणूस मला क्वचित भेटतो, भेटला की मी दोन नावं सांगतो. एक 'पेपर्स, प्लीज', 2013 चा, लुकास पोप नावाच्या माणसानं बनवलेला. तुम्ही एका कडक सरकारच्या सीमेवरचे कारकून. खिडकीत बसायचं, कागद तपासायचे, हिरवा शिक्का की लाल शिक्का. जेवढी माणसं तपासाल तेवढा पगार, आणि संध्याकाळी त्यातून घरभाडं, जेवण, शेगडी, आजारी पोराचं औषध. नवरा येतो, त्याचे कागद बरोबर. मागून बायको येते, तिच्याकडं परवाना नाही, म्हणते परत गेले तर मारतील. सोडलं तर वरून चिट्ठी येणार, चिट्ठ्या जास्त झाल्या की पगार कापणार, पगार कापला की घरी शेगडी बंद. आपण सगळे जन्मभर तहसीलच्या खिडकीच्या बाहेर उभे राहिलेलो, आत बसून तो शिक्का हातात धरल्यावर मला त्या पलीकडच्या भाऊसाहेबांबद्दल जे वाटलं ते कुठल्या अग्रलेखानं वाटलं नव्हतं. दिसायला गेम भंगार आहे, रंग चिखलासारखे, मधले काही दिवस तेच तेच होतं. पण तो संपतो. आणि संपल्यावर तुम्हाला हाका मारत नाही.

दुसरा 'स्टारड्यू व्हॅली', 2016 चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून केलेला. शेतीचा गेम. लोक याला शांत, निरागस वगैरे म्हणतात, मला तो सगळ्यात जास्त थापा मारणारा वाटतो! आजोबा शेत ठेवून गेलेत आणि सातबाऱ्यावर दुसरा वाटेकरी नाही. विहीर-बोअरची भानगड नाही, शेजारीच तळं. टोमॅटो पेटीत टाकून झोपायचं, सकाळी पैसे जमा, भाव कायम ठरलेला, आडत्या नाही, तोलाई नाही, हमाली नाही. आपल्या मार्केट यार्डात कांद्याची गाडी घेऊन रात्रभर थांबलेल्या माणसाला हा गेम दाखवा, तो हसून हसून लोळेल. तरीही मी तो खेळतो, आणि इथं माझ्याच मुद्द्याला एक धक्का बसतो तो लपवत नाही: स्टारड्यूही उठू देत नाही. झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, म्हणून 'अजून एक दिवस' करत रात्रीचा एक वाजतो. मग फरक काय राहिला? फरक असा की माझ्या जागण्यातून त्याला एक पैसा मिळत नाही. एकदा विकत घेतला, विषय संपला. उद्या नाही उघडला तर तो 'तुमचं बक्षीस वाट बघतंय' म्हणून फोन थरथरवत नाही. खेळ आवडला म्हणून बसून राहणं वेगळं, आणि उठलो तर कालपर्यंतचं बुडेल या भीतीनं बसणं वेगळं, हे ज्यानं दोन्ही केलंय त्याला बरोबर कळतं. न खेळणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, मान खाली आणि डोळे फोनमध्ये.

आता आमच्या करिअरवाल्यांसाठी. इस्पोर्ट्स खरंय, 2018 च्या आशियाई खेळांत ते प्रदर्शनीय होते तेव्हा भारताला ब्राँझ मिळालं होतं, 2023 ला हांगझोऊमध्ये अधिकृत पदकं होती, सरकारनंही 2022 च्या डिसेंबरात मान्यता दिलीय. अभिमान वाटतो. पण पार्क स्टेडियमच्या बाजूला सकाळी टेनिस बॉलनं खेळणाऱ्याला कोणी विचारतं का की बाबा यातून करिअर काय होणार? तो मजा येते म्हणून खेळतो आणि ते पुरेसं असतं. गेमला मात्र मजा येते एवढं म्हणायची आपल्याला लाज वाटते म्हणून आपण पगाराची पावती दाखवतो. आणि पावती दाखवली की गेमवर टीका करता येत नाही, कारण ज्याच्यावर पोट आहे त्याला नावं कशी ठेवणार? हजारो पोरांतून दोन-चार वर पोचतात, बाकीच्यांना निदान हे तरी कळू दे की ते जो गेम घोटतायत तो चांगला आहे की नुसता चिकट.

आपला गेम आला तरी आपण हेच करतो. 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला. लहान मुलगी, हातात त्रिशूळ, हरवलेल्या भावाला शोधतीय, गोष्ट सांगतायत दुर्गा आणि विष्णू. माझ्या वाचनात जे आलं ते सगळं 'भारतीय गेम जगात गाजला' छापाचं. मी खेळलो. भिंतीवरची चित्रं, कमानी, झरोके बघून थांबत थांबत गेलो, असं काही याआधी गेममध्ये बघितलं नव्हतं. पण मारामारी ढिली आहे, वार नेमका कुठं बसला कळत नाही, कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळं दोनदा विनाकारण खाली पडलो, आणि शेवट तर असा की पिक्चर रंगात आलेला असताना लाईट जावी. पुढचा भाग काढणार असाल तर आधी लढाई घट्ट करा, कॅमेरा आमच्या हातात द्या, आणि गोष्ट पूर्ण सांगा. विकत घेऊन परत खेळेन, पूर्ण किमतीला.